तिसरा हंडा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आले एकदाची! नारायणगावला एसटीतून उतरले तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात उशी आणि काखेत आईनं जबरदस्तीनं कोंबलेला चिवड्याचा डबा, असा माझा थाट होता. केंद्राची जीप न्यायला आली होती. चालवणारे भगवंतभाऊ, साठीचे, डोक्यावर टोपी, तोंड मिनिटभर बंद नाही. खोडदच्या रस्त्याला लागेस्तोवर टोमॅटोवर कुठला रोग आलाय, बिबट्यानं कुणाच्या उसात पिल्लं घातलीत, हे सगळं त्यांनी सांगून टाकलं आणि माझं लग्न अजून का झालं नाही हेही विचारून घेतलं. मी म्हटलं, भाऊ, मी फार भांडकुदळ आहे. तर म्हणाले, मग हितं तुमचं ब्येस जमंल.

केंद्र झकास आहे. द्राक्षबागांच्या मधोमध दुमजली पांढरी इमारत, वरच्या मजल्यावर माझी खोली. खिडकीतून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. बागांमध्ये ऑक्टोबर छाटणी चालू आहे, दिवसभर कात्र्यांची कचकच.

आजारी किडनीच्या जागी बसवता येईल अशी नवी किडनी वाढवायचं संशोधन इथं चालतं. माझं काम त्याची आखणी. तीन वर्षांत कुठल्या महिन्यात कुठवर पोचायचं, आधी काय, नंतर काय, आणि कुठं थांबायचं. पुण्यात अकरा वर्षं हेच केलं. शास्त्रज्ञ लोक मला टरकून असतात, कारण मी तारीख विचारते. इथले प्रमुख डॉ. मोहित, माझ्याच वयाचे, चाळिशीच्या अलीकडचे, बोलायला गोड. त्यांनाही आज पहिल्याच चहाला तारीख विचारली. हसले. बघू किती दिवस हसतात!

८ ऑक्टोबर, बुधवार

आज हंड्यांची खोली पाहिली. कागदोपत्री त्यांचं नाव हातभर लांब आहे, पण भगवंतभाऊ त्यांना हंडे म्हणतात आणि आता डॉक्टरही हंडेच म्हणतात. काचेचे, गुडघ्याएवढे उंच, आत कोमट गुलाबी पाणी. माणसाच्या किडनीतून सुईनं चिमूटभर पेशी काढायच्या, हंड्यातल्या जाळीच्या साच्यावर सोडायच्या आणि वरच्या बाटलीतून थेंब थेंब खाद्य द्यायचं. भगवंतभाऊंनी तीस वर्षं द्राक्षबाग केली. त्यांचा हात लागला तेव्हापासून पेशी जगायला लागल्या, असं अर्शिया म्हणते. अर्शिया जुन्नरची, इथली तंत्रज्ञ. सोनोग्राफीचं मशीन तिच्या ताब्यात. कामाला चोख आणि उगाच मान डोलवत नाही, म्हणून मला आवडली.

हंडे तीन आहेत. पहिला पिंपरी पेंढारच्या हौशीरामांचा. त्यांची बायको किडनीनंच गेली. दुसऱ्या कुणाची कारभारीण अशी जाऊ नये, म्हणून त्यांनी आपण होऊन पेशी दिल्या. दुसरा निरगुडसरच्या गोजरबाईंचा, त्या भगवंतभाऊंच्या थोरल्या बहीण. भाऊ ज्याचं ऐकतात असं जगात एकच माणूस आहे, ते म्हणजे ह्या बाई; त्यांच्यापुढे भाऊंची बोलती बंद होते. पेशी दिलेली माणसं दर सोमवारी तपासणीला येतात. तिसरा हंडा रिकामा आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तिसरा हंडा आता माझा.

इथं यायचं खरं कारण लिहूनच टाकते, रोजनिशीपाशी काय लपवायचं. माझी धाकटी बहीण हर्षाली एकोणतीस वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सासवडला आईकडे असते, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी किडनी द्यायला मी केव्हाच तयार होते, पण आमचं रक्त जुळत नाही. तीन ठिकाणी तपासून घेतलं. डॉ. मोहित म्हणतात, तुमच्या पेशी हंड्यात वाढवल्या की त्यांना हर्षालीच्या शरीराची सवय लावता येते, मग ते शरीर त्यांना हाकलत नाही. मुलाखतीत हे ऐकलं आणि पगार किती हेही न विचारता हो म्हणून आले.

सुई टोचताना डास चावल्याएवढं दुखलं. भगवंतभाऊंनी हंड्याला हळदकुंकू लावलं. मी हसले, पण पुसलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी करून परत आले. हर्षाली आणखी काळवंडलीय. पाणी वाटीनं मोजून पिते. दोन वर्षांत लघवीचा थेंब नाही. पण जिभेचा पट्टा आहे तसाच! माझी करंजी पाहून म्हणाली, ताई, ही खाण्यापेक्षा डायलिसिस परवडलं. आई आत जाऊन रडली. मी रडले नाही. निघताना हर्षालीला म्हटलं, पुढच्या दिवाळीत तुला तांब्याभर पाणी घटाघटा पाजीन, नाही पाजलं तर नाव बदलीन. बोलून तर बसले, आता करायलाच हवं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आखणीत मी जे चार महिन्यांनी धरलं होतं ते आजच झालं! पहिल्या हंड्यात चक्क किडनीचा आकार दिसतोय, घेवड्याच्या दाण्यासारखा, मधोमध खाच पडलेला. डॉक्टर पेढे घेऊन आले. मी सगळ्या तारखा अलीकडे ओढल्या. आयुष्यात पहिल्यांदा शास्त्रज्ञ माझ्या पुढे पळतायत.

हौशीराम आज फार दमलेले वाटले. कांद्याची लागवड चालू आहे, म्हणाले, आंग मोडून येतंय जरा. माझीही कंबर धरलीय. खुर्ची बदलून घ्यायला हवी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हे नीट, सावकाश लिहून काढते.

अहवालासाठी मी दोन रकाने शेजारी ठेवले. एकात हंड्यातल्या मांसाचं वजन. दुसऱ्यात सोनोग्राफीवरून निघालेलं, त्या त्या माणसाच्या पोटातल्या दोन्ही किडन्यांचं वजन. हे दोन रकाने आजवर कुणी शेजारी ठेवलेच नव्हते. हंडे डॉक्टर बघतात, माणसं अर्शिया बघते.

हौशीराम पहिल्या दिवशी २९० ग्रॅम. आज हंड्यात ७८, पोटात २१२. बेरीज २९०.

गोजरबाई पहिल्या दिवशी २५४. आज हंड्यात ५१, पोटात २०३. बेरीज २५४.

मी पहिल्या दिवशी २७४. हंड्यात ३१. अर्शियाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता मला तपास. पोटात २४३.

मशीन बिघडलंय म्हणून मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी पुन्हा पुन्हा तपासत राहिली. आकडा तोच आला. हंड्यात किडनी तयार होत नाहीये. आमच्यातली तिकडे जातेय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांपुढे कागद आपटला. आधी म्हणाले, योगायोग. मग बेरजा स्वतः करून बघितल्या आणि म्हणाले, असेल खरं, पण जिवंत माणूस अख्खी किडनी देतोच की, इथं थोडी थोडी जाते, एवढाच फरक. मी म्हटलं, तिथं माणसाला विचारतात आणि एकीवर थांबतात. हे कुठं थांबणार? म्हणाले, एक किडनी भरली की आपोआप थांबेल. मी म्हटलं, कशावरून? तर बोलाचीच कढी!

त्यांना स्पष्ट सांगितलं, दोघांना आजच्या आज खरं कळवा, नाहीतर मी कळवते. त्यांनी नाही कळवलं. मी कळवलं. हौशीराम हसले आणि म्हणाले, एक किडनी गेली तर गेली ताई, माझी कारभारीण एकीवर धा वर्सं जगली व्हती. गोजरबाईंनी मात्र भगवंतभाऊंना आईबापावरून शिव्या घातल्या. शिव्या खाऊन भाऊंना जरा बरं वाटलेलं दिसलं.

८ डिसेंबर, सोमवार

पहिल्या हंड्यातली किडनी भरली. १५० ग्रॅम. पंधरा दिवसांत दुप्पट.

थांबली नाही.

तिच्या कडेला चॉकलेटी रंगाचा एक नवा कोंब फुटलाय. अर्शियानं कण काढून पाहिला. लिव्हर आहे. हौशीरामांना तपासलं, त्यांचं लिव्हर एका बाजूनं झिजलंय. सदरा अंगावर लोंबत होता त्यांच्या. मला विचारतात, वाढलं का ताई नीट? बघू का? दाखवलं. त्यांनी हंड्याला हात जोडले आणि बायकोचं नाव घेतलं. डॉक्टरांचे डोळे मात्र चमकत होते, किडनीबरोबर लिव्हरपण मिळतंय म्हणून. त्यांना म्हटलं, अंगावर आलात तर शिंगावर घेईन. हा हंडा मी बंद करणार.

९ डिसेंबर, मंगळवार

बंद कसा करायचा? डॉक्टरांना ठाऊक नाही. अर्शियाला ठाऊक नाही. भगवंतभाऊ म्हणाले, मॅडम, वेल लई शेंड्याला पळायला लागली का आमी तिचं पानी तोडतो. ताण द्यायचा. चार दिस उपाशी ऱ्हायली का गप बसती. द्राक्षाच्या माणसाचं तीस वर्षांचं शहाणपण. मला पटलं. अर्शियालाही पटलं.

मीच आखणीत लिहिलं: हंडा एक, खाद्य बंद, चार दिवस. खाली सही केली.

११ डिसेंबर, गुरुवार

हौशीराम सकाळी गेले.

हंडा तुडुंब भरलाय. लिव्हर पुरं झालंय, वर आणखी काहीतरी, मी नीट पाहिलं नाही. खाद्य दोन दिवस बंद होतं, तरी.

तरी नाही. म्हणूनच.

संध्याकाळपर्यंत ते सगळं काळं पडून हंड्यात विरघळलं. तेव्हा भगवंतभाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, हा तर नुसता घड व्हता. मुळं हौशीरामात व्हती. आपुन वरलं पानी तोडलं, त्यानं मुळातून वढलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पिंपरी पेंढारहून आले. हौशीरामांच्या सुनेनं मला चहा दिला. मामंजी तुमचं नाव काढायचे, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, सही माझी आहे हेही. तिनं कप काढून घेतला नाही. उठून आत निघून गेली. त्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माणूस मारलाय. मुद्दाम नाही, पण मारलाय.

डॉक्टर म्हणतात, हृदयविकार लिहू. आणि मला म्हणतात, तुम्ही थकलात, थोडे दिवस घरी जा. जाते तर! मी घरी गेले की गोजरबाईंचं कोण बघणार? केंद्रावर देखरेख करणाऱ्या समितीला सगळे आकडे पाठवले. उत्तर आलं, बैठक मार्चमध्ये. वरातीमागून घोडं. भगवंतभाऊ त्या दिवसापासून तोंडातून शब्द काढत नाहीत.

५ जानेवारी २०२६, सोमवार

जमलं. जमलं. जमलं!

गेले तीन आठवडे दोन्ही हंड्यांना पोटभर खाद्य दिलं. भूक भागलेली असली की ते आमच्यातून कमी ओढतं. आणि भरल्या पोटी असतानाच कडेकडेनं कापायचं. कापायचा पहिला प्रयोग माझ्या हंड्यावर. अर्शिया नको म्हणत होती. तिला म्हटलं, गोजरबाईंवर करू का मग? भगवंतभाऊंनी धार लावलेली बारीक कात्री उकळून आणली. तीन ग्रॅम कापले. पाठीत कुणीतरी जोरात चिमटा काढल्यासारखं झालं आणि मी भाऊंना शिवी हासडली. आज तपासलं, माझ्या पोटात तीन ग्रॅम परत आलेत. तीनच्या तीन!

भगवंतभाऊ महिन्यानं बोलले. एकच शब्द. म्हणाले, विरळणी, दाटलेला घड कापून मोकळा करतात ती. मी आणि अर्शिया त्या खोलीत वेड्यासारख्या नाचलो.

१९ जानेवारी, सोमवार

गोजरबाईंचा हंडा निम्मा झाला. बाई भाकरी चुरून खातात आणि कापताना भावाचा उद्धार करतात. डॉक्टर दारात उभे राहून बघतात. एकदा म्हणाले, तुम्ही दहा वर्षांचं काम कचऱ्यात टाकताय. मी म्हटलं, तुमची दहा वर्षं आणि ह्या बाईची पुढची वीस, मी ही निवडली. पाठ फिरवून निघून गेले. मला वाटलं, हरले.

२ फेब्रुवारी, सोमवार

गोजरबाईंचा हंडा रिकामा. धुऊन पालथा घातला. पोटात २५४. उद्या निरगुडसरला आम्हा सगळ्यांना मटणाचं जेवण आहे, नाही आलात तर घरी येऊन चारीन, असा दम मिळालाय.

आता माझा राहिला. हंड्यात १२०, पोटात १५४. आधी गोजरबाई मग मी, असं सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला तो कापवत नव्हता. रोज जाऊन बघायचे. अगदी हर्षालीच्या मापाची दिसते. पण ती तिच्यात बसली तर तिच्यात राहून मला खात राहील, आणि हे ओझं मी माझ्या बहिणीच्या गळ्यात बांधणार नाही. परवा कापायची. त्याआधी तिला सांगायचं की किडनी नाही मिळणार. फोन उचलला आणि ठेवला. उद्या. उद्या नक्की.

३ फेब्रुवारी, मंगळवार

निरगुडसरहून दुपारी चारला आलो. तिसरा हंडा रिकामा आहे. जाळीसुद्धा नाही. डॉक्टरांची गाडी नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर फोन घेत नाहीत. हर्षालीचा बंद. आईचं बोलणं धड नाही, म्हणते, तुला सरप्राइज आहे, मी काही सांगणार नाही, हर्षालीनं गळ्याची शपथ घातलीय. पुण्यातल्या सात हॉस्पिटलांना फोन केले. कुणी नाव सांगत नाही. सरप्राइज! मी फोनवरच किंचाळले. आई घाबरली, तिला वाटलं आनंदानं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हर्षालीचा फोन. ती ओरडत होती, ताई, मला लघवी झाली! दोन वर्षांनी! नर्सला मिठी मारली म्हणे. तांब्याभर पाणी प्याली, वरून आणखी एक. हंड्यातली किडनी बसवण्याआधी डॉ. मोहितांनी तिला सांगितलं होतं, ताई नको म्हणेल, तिला नंतर कळवू. रडत होती, हसत होती. म्हणाली, ताई, मला पाणी पितानाचा आवाज ऐकवू का? आणि फोनपाशी घटाघटा प्याली.

एवढं सुख मला जन्मात झालं नव्हतं. आणि एवढी भीतीही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पोटात १५३.५. म्हणजे आठवड्याला अर्धा ग्रॅम. हर्षाली पोटभर खातेय, पाणी पितेय, म्हणून इतकं सावकाश.

हिशेब मांडला. शून्यापर्यंत कुणी जात नाही हे मलाही कळतं, तरी चार वर्षं आहेत. चार वर्षं काय थोडी झाली? मी मरायला बसलेली नाही! आजपासून नवी आखणी. पहिलं वर्ष: मूळ कुठून कसं ओढतं ते शोधायचं. दुसरं वर्ष: ते तोडायचं, हर्षालीला धक्का न लावता. अर्शिया माझ्याबरोबर आहे. भगवंतभाऊ आहेत.

हर्षालीला सांगणार नाही. तिला मी ओळखते, कळलं तर त्याच दिवशी किडनी काढून घ्या म्हणून हॉस्पिटलात जाऊन बसेल. आईला मात्र लांबलचक यादी पाठवली, किती वेळा खायला द्यायचं, किती लिटर पाणी. खाली लिहिलं, यात हयगय झाली तर मी घर डोक्यावर घेईन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्रात तीन कोरे हंडे आले. चार, पाच, सहा. डॉक्टरांना आता ‘यश’ मिळालंय ना. भगवंतभाऊंनी पहार आणली. पहिला मी फोडला, दुसरा अर्शियानं, तिसरा त्यांनी. काचा गोळा करून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. खाली माझी सही.

समितीतल्या प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर आकडे पाठवले. घ्या म्हणावं, मार्चपर्यंत झोप येते का बघू.

हर्षाली उद्या घरी जाणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठ. अंथरुणातून उठवेना. अर्शियानं मशीन वर खोलीत आणलं. १३१. परवा १५३ होते. तिनं पुन्हा लावलं. १३०.

नऊ. हर्षालीला फोन. आज महाशिवरात्र. तिनं निर्जळी उपास धरलाय. काल संध्याकाळपासून अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. ताईला उदंड आयुष्य मिळावं म्हणून नवस. माझ्यासाठी—

ओरडले तिच्यावर. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय ना, म्हटलं. खिदळली. म्हणाली, दोन वर्षं तहान काढली, एक दिवस काय. देवाला द्यायला माझ्यापाशी दुसरं आहे काय? तू नेहमी तुझंच खरं करतेस, आज माझं. देवळात चाललेय, उद्या सकाळी सोडणार, फोन घरीच ठेवतेय. आणि ठेवला. आईही तिच्याबरोबर.

साडेनऊ. सांगायला हवं होतं का? नाही. आज पाणी पिईल आणि उद्या किडनी उपटून टाकेल. नाही सांगणार.

दहा. भगवंतभाऊ मोटरसायकलवर सासवडला निघाले. टोपी विसरली. म्हणाले, ताय, म्या पोचस्तोवर दम धर. मला पहिल्यांदाच ताय म्हणाले.

अकरा. ११२. अर्शियानं सलाईन लावलंय. मला लावून काय उपयोग, तहान तिकडे आहे. अँब्युलन्स निघालीय म्हणतात.

बारा. ९४. लिव्हरही झिजतंय. बोटं गार. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दीड. भाऊंचा फोन. चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकले होते, आता हडपसर सोडलं. रडतायत. मी म्हटलं, रडता काय, गाडी हाणा.

अर्शिया माझा हात धरून बसलीय. ओठ हलतायत तिचे. कर गं दुवा, मी कुणाचीच नको म्हणणार नाही आता. पण मी घाबरलेली नाही असं लिहिते— नको, खोटं कशाला. घाबरलेय. तरी सांगणार नाही.

अडीच. भाऊ देवळापाशी. ती पायरीवर बसलीय. फोन तिच्या कानाला दिलाय. मला आवाज फुटेना. इथं लिहिते, अर्शिया वाचून दाखवतेय—

हर्षे, मला काही झालेलं नाही. नुसता घसा बसलाय. उपास सोड. देवाशी काय ते मी बघून घेते. मोठी बहीण सांगते म्हणून सोड. भाऊंनी शहाळं आणलंय, ते घे. आधी पाणी पी. मग आईला म्हण, घरी जाऊन भात टाक. आणि रोज— रोज पोटभर— कुणासाठी उपाशी राहायचं नाही, माझ्यासाठी तर मुळीच— रडू नको, पी आधी. घोट घोट. फोन जवळ धर, मला ऐकू दे— पितेयस ना? सांग. हर्षे, पि—